औषध तेच, पेशंट वेगळा: केंटकीचं हाउस बिल ४९५

२७ मार्च २०२५ ला, गुरुवारी, केंटकी राज्याच्या विधिमंडळाने गव्हर्नर अँडी बेशियर यांचा नकार धुडकावून हाउस बिल ४९५ चा कायदा केला. तिकडे भारतात या बातमीची ओळही कुठे छापून आली नसेल. केंटकीतलं शहर लुइव्हिल म्हटलं की मुहम्मद अली, घोड्यांची डर्बी आणि तळलेलं चिकन, एवढंच आपल्याकडे आठवतं. पण मी इथे फार्मसिस्ट आहे, या कायद्याचा निम्मा भाग थेट माझ्या काउंटरवर येऊन पडतोय, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

कायद्याचे दोन भाग आहेत. पहिला समुपदेशकांविषयी. बेशियर यांनी १८ सप्टेंबर २०२४ ला एक आदेश काढला होता: अठरा वर्षांखालच्या मुलांवर होणाऱ्या कन्व्हर्जन थेरपीला सरकारी पैसा मिळणार नाही, आणि ती करणाऱ्या परवानाधारकाची तक्रार त्याच्या परवाना मंडळाकडे करता येईल. समलिंगी किंवा ट्रान्स मुलाला ‘ताळ्यावर’ आणण्याचे जे उपचार चालतात, त्यांना इथे कन्व्हर्जन थेरपी म्हणतात. नव्या कायद्याने तो आदेश मोडीत काढला आणि असं समुपदेशन करणाऱ्यांना संरक्षण दिलं.

दुसरा भाग पैशाचा. मेडिकेड ही कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी आरोग्य योजना. आपल्या महात्मा फुले योजनेसारखी, पण हिच्यात ऑपरेशनांबरोबर रोजचे डॉक्टर, तपासण्या, औषधं सगळं येतं. केंटकीत साधारण दर तिसरा माणूस मेडिकेडवर आहे. ट्रान्स व्यक्तींचे हार्मोन्स आणि शस्त्रक्रिया यांना या योजनेतून आता पैसा नाही. अल्पवयीन मुलांसाठीचे हे उपचार २०२३ च्या सिनेट बिल १५० ने आधीच बंद केले होते. म्हणजे आता ज्यांचे पैसे थांबले ती सज्ञान, मतदान करणारी, नोकरी करणारी माणसं आहेत. आणि हा भाग मूळ विधेयकात नव्हताच. समुपदेशकांचं विधेयक सिनेटमध्ये गेलं तेव्हा तो त्याला जोडला गेला.

टेस्टोस्टेरॉन सिपिओनेट, पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन. एक मिलिलिटरची काचेची छोटी व्हायल, तेलकट पिवळसर द्रव, २०० मिलिग्रॅम. नियंत्रित औषध आहे, त्यामुळे मोजून द्यावं लागतं, साठ्याचा हिशेब ठेवावा लागतो. सोबत दोन जाडीच्या सुया देते मी: जाड सुईने व्हायलमधून ओढायचं, ती काढून बारीक सुई लावायची आणि मांडीत टोचायचं. रक्तात टेस्टोस्टेरॉन कमी झालेले साठीतले एक आजोबा हे नेतात. ट्रान्स असलेला एक तरुणही हेच नेतो, तीच कंपनी, तीच ताकद, त्याच सुया. दोघांनाही मी एकच सूचना देते की दर वेळी जागा बदला. एस्ट्राडिऑल या स्त्री-हार्मोनच्या गोळ्यांचंही तसंच. पाळी जाताना अंगातून वाफा निघणाऱ्या बाया त्या घेतात आणि ट्रान्स स्त्रियाही घेतात. डॉक्टर निदानाचा जो कोड लिहितात, त्याच्यावरून आता ठरणार की सरकार पैसे देणार की नाही. औषध घातक आहे म्हणून बंदी असती तर मी समजू शकले असते. औषध चांगलंच आहे, फक्त तुला नाही, असं सांगणारा कायदा माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी दुसरा पाहिलेला नाही.

तो तरुण एका गोदामात रात्रपाळीला कंत्राटी काम करतो. कायद्याची बातमी आल्यावर तो आला आणि हळूच म्हणाला, “मॅम, पुढच्या महिन्याचं मिळेल ना?” मी त्याला खरं ते सांगितलं. औषध जनेरिक आहे, सवलतीचं कूपन लावलं तर खिशातून घेता येईल. खरा प्रश्न व्हायलचा नाहीच. टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होऊ शकतं, त्यामुळे ठरावीक काळाने हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, पाहावं लागतं, लिव्हर, कोलेस्टेरॉल पाहावं लागतं, डॉक्टरांकडे जावं लागतं. तो खर्च व्हायलच्या कितीतरी पट आहे. तो परवडला नाही की माणूस औषध सोडत नाही, तपासणी सोडतो. मग कुणाच्या तरी ओळखीने, इंटरनेटवरून, बिनलेबलची बाटली येते. रक्ताची गुठळी झाली की तोच माणूस इमर्जन्सीत जाणार, आणि त्याचं बिल मात्र मेडिकेडच भरणार. जनतेचा पैसा वाचवायला केलेला कायदा म्हणून सांगतात, म्हणून हा हिशेब मांडला.

पण मला सगळ्यात जास्त संताप कशाचा आला तर नकाराधिकाराच्या पद्धतीचा. केंटकीत गव्हर्नरने परत पाठवलेलं विधेयक पुन्हा मंजूर करायला दोन्ही सभागृहांत निव्वळ बहुमत पुरतं. शंभरजणांच्या हाउसमध्ये ५१, अडतीस जणांच्या सिनेटमध्ये २०. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांचा नकार मोडायचा तर दोनतृतीयांश लागतात, इथे निम्मे अधिक एक. ज्या बहुमताने विधेयक आधी पास केलं, त्याच बहुमताने तेच पुन्हा करायचं. तेव्हा हाउसमध्ये रिपब्लिकन ८० होते, सिनेटमध्ये ३१. म्हणजे गव्हर्नरने कारणं लिहून, विचार करून, राजकीय किंमत मोजून दिलेला नकार किती दिवस टिकतो? अधिवेशनाचा उरलेला तुकडा सुरू होईपर्यंत. २०२५ मध्ये विधिमंडळ मार्चच्या मध्याला उठलं ते २७ ला पुन्हा बसलं, आणि त्या एका दिवसात पुष्कळ नकार मोडून मोकळं झालं. २०२३ लाही असंच: २४ मार्चला बेशियर यांनी सिनेट बिल १५० नाकारलं, २९ मार्चला त्याचा कायदा झाला.

आपल्याकडे राज्यपाल नेमलेले असतात, त्यांनी विधेयक अडवलं की आपण चिडतो आणि ते बरोबरच आहे. पण बेशियर यांना लोकांनी मतं देऊन निवडलंय, दोनदा. २०२३ च्या निवडणुकीत याच मुद्द्यावरून त्यांच्याविरुद्ध टीव्हीवर जाहिरातींचा मारा झाला होता, तरी ते निवडून आले. ते स्वतः चर्चमध्ये डीकन, म्हणजे सेवेची जबाबदारी असलेले पदाधिकारी, आहेत, श्रद्धेची भाषा त्यांना परकी नाही. असा माणूस धर्माचा आधार घेऊन या मुलांच्या बाजूने उभा राहतो आणि त्याचा शब्द थोड्याच दिवसांत पुसला जातो. लोकांनीच दोघांनाही निवडलंय, गव्हर्नरलाही आणि त्या ८० जणांनाही, हे मला कळतं. तरीसुद्धा नकाराला एवढीच ताकद द्यायची असेल तर तो घटनेत ठेवायचा कशाला, हा प्रश्न मी ज्याला त्याला विचारत सुटलेय.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. या विधेयकाची प्रत मी जेवणाच्या सुट्टीत फोनवर वाचली. जुना मजकूर कुठे खोडला, नवा कुठे घातला, दुरुस्ती कुणाची, मत कुणी कसं दिलं, सगळं खुलं. समितीसमोर नागरिक नाव नोंदवून बोलतात आणि केईटी या सार्वजनिक वाहिनीवर ते घरबसल्या दिसतं. विशीतली पोरं आमदारांच्या डोळ्यांत डोळे घालून आपल्यावर काय गुदरलं ते सांगतात. आपल्याकडे गोंधळात, आवाजी मतदानाने, चर्चेशिवाय किती विधेयकं निघतात हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. इथे चर्चा होते. निकाल आधीच ठरलेला असला तरी होते, आणि ती नोंदलेली राहते.

माझ्याबरोबर काउंटरवर काम करणारी एक टेक्निशियन आहे, माझ्याहून वयाने मोठी. ती या कायद्याच्या बाजूची आहे. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या चर्चच्या बायकांनी आठवडाभर आमच्या घरी जेवण पाठवलं होतं. आम्ही मांस खात नाही हे तिने सगळ्यांना फोन करून सांगितलेलं. अशा माणसाशी भांडता येत नाही, बोलावं लागतं. तिचं म्हणणं असं, की एखाद्या मुलाला आपल्या मनातलं हे आकर्षण नको असेल, आपल्या श्रद्धेप्रमाणे जगायचं असेल, तर त्याने मदत मागायची कुणाकडे? समुपदेशकाने फक्त बोलायचं आहे. बोलण्यावर सरकार बंदी कशी घालू शकतं?

हाच प्रश्न तेव्हा वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात होता. कोलोराडोच्या २०१९ च्या बंदीविरुद्ध तिथल्या एका समुपदेशिकेने केलेला दावा न्यायालयाने १० मार्च २०२५ ला ऐकायला घेतला. म्हणजे माझी सहकारीण काही वेडंवाकडं बोलत नव्हती, आणि तिचा मुद्दा मी झटकून टाकलेला नाही. पण मी तिला माझ्या धंद्यातलं उदाहरण दिलं. मीही दिवसभर बोलतेच. ही गोळी उपाशीपोटी घ्या, ही दारूबरोबर नको. उद्या मी मधुमेहाच्या पेशंटला म्हटलं की इन्सुलिन सोडा आणि प्रार्थना करा, तर मी नुसती बोलले म्हणून फार्मसी बोर्ड मला सोडेल का? शेजारीण म्हणून अंगणात उभी राहून मी काहीही बोलू शकते. भिंतीवर राज्याचा परवाना लावून, फी घेऊन बोलते तेव्हा त्या बोलण्याला जबाबदारी चिकटलेली असते. आणि बेशियर यांचा आदेश मुलांपुरताच होता. सज्ञान माणसाने स्वतःच्या मर्जीने कुठल्याही धर्मगुरूकडे जावं, त्याला कुणी अडवत नव्हतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २००९ च्या अहवालाने सगळा अभ्यास चाळून सांगितलं की लैंगिक कल बदलण्याचे हे प्रयत्न परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा नाही, उलट अपाय होऊ शकतो. हे उपचार श्रद्धेच्या नावाने चालवणारी एक्सोडस इंटरनॅशनल ही मोठी संस्था २०१३ मध्ये तिच्याच प्रमुखाने माफी मागून बंद केली. माझी सहकारीण ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, “हनी, मी यावर प्रार्थना करीन.” मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

त्याच बोलण्यात तिने सहज विचारलं, “पण तुमच्या इंडियात तर हे सगळं बेकायदाच असेल ना?” आणि माझ्या अंगात वारं शिरलं. मी तिला सांगितलं की आमच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच नालसा खटल्यात, स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१८ मध्ये ३७७ कलमातला समलिंगी संबंधांचा भाग गेला. २०१९ चा कायदा सरकारला सांगतो की ट्रान्स व्यक्तींसाठी हार्मोन उपचार, शस्त्रक्रिया आणि समुपदेशनाची सोय कर. त्यासाठी आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांचं संरक्षण देणारी योजना २०२२ मध्ये जाहीर झाली. मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी जून २०२१ मध्ये असल्या ‘सुधारणा’ उपचारांवर बंदी घातली. त्यांनी तर निकाल देण्याआधी, आपल्याला विषय नीट कळावा म्हणून, स्वतः समुपदेशकाकडे बसून समजून घेतलं. मग २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कन्व्हर्जन थेरपी हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं. बीड जिल्ह्यातल्या पोलीस कॉन्स्टेबलवर मुंबईच्या सरकारी सेंट जॉर्ज रुग्णालयात २०१८ मध्ये झालेल्या शस्त्रक्रियेची बातमी तुम्हाला आठवत असेल, तीही सांगितली. नोकरीही टिकली, हेही. तिचे डोळे मोठे झाले. मला अभिमान वाटला आणि तो मी लपवला नाही.

अर्थात तिला सगळं सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. आपल्या घरचं उणं परक्यापुढे काढायचं नसतं, असं मला शिकवलंय. तुम्हाला मात्र सांगते, कारण तुम्हाला ते ठाऊकच आहे. सांगलीत आमच्या गल्लीत एक मुलगा होता. अभ्यासात हुशार, गणपतीच्या आरासीत सगळ्यात पुढे. तो वेगळा आहे हे पोरांना आधी कळलं, घरच्यांना नंतर. मिरजेला एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, पोराशी बंद दाराआड बोलले आणि बाहेर येऊन वडिलांना म्हणाले, काही नाही, लग्न लावून द्या, सुतासारखा सरळ होईल. लग्न लागलं. तासगावकडची मुलगी होती, दहावीला बोर्डात आलेली. दोन वर्षांच्या आत ती माहेरी परत गेली आणि दोष तिच्या पदरात पडला. तो पुण्यात असतो, सांगलीला येत नाही. त्या डॉक्टरांना कुणी काही विचारलं नाही. तेव्हा विचारण्याची सोयच नव्हती. आता आयोगाचा नियम आहे, पण तक्रार करणारं घर मला अजून दिसलेलं नाही. आपल्याकडे कायदा पुढे गेलाय आणि घरं मागे राहिलीत. इथे घरं हळूहळू पुढे चाललीत, त्या टेक्निशियनच्या चर्चमध्येसुद्धा दोन मतं आहेत, आणि कायदा मागे ओढतोय. कुठलं बरं हे मी सांगू शकत नाही. पण वाट्याला यायचंच असेल तर मला आपलं दुखणं कमी जिव्हारी लागतं, कारण नियम एकदा कागदावर आला की कधीतरी कुणीतरी तो वापरतंच.

श्रद्धा आणि अपाय यांच्यात रेघ कशी ओढायची, हेही आपण केंटकीला शिकवू शकतो. २०१३ मध्ये, दाभोलकरांच्या खुनानंतर, महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना त्याने हात लावला नाही. भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने मारलं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ दिलं नाही, की गुन्हा. तेव्हाही ओरड झाली होती की हा कायदा धर्मावर घाला आहे. वारी थांबली का?

मावशीचा फोन होता परवा. तिला व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी आलं होतं. “काय गं, तिकडं म्हणं सरकार लोकांना बाईचा बाप्या करायला पैसे देतंय? आपल्या कराच्या पैशातनं कशापायी ते?” तिला मी म्हटलं, मावशी, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन योजनेतून झालं, तेव्हा ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनीही पैसे दिलेच ना. ती गप्प बसली. मग म्हणाली, “ते येगळं.” का वेगळं, हे तिला सांगता आलं नाही. फ्रँकफर्टच्या, म्हणजे केंटकीच्या राजधानीतल्या, आमदारांनाही मला पटेल असं सांगता आलेलं नाही. केंटकीच्या मेडिकेडचा मोठा वाटा तर केंद्र सरकार उचलतं. याच अधिवेशनात तुरुंगातल्या कैद्यांच्या अशा उपचारांवरही सार्वजनिक पैसा बंद केला. दर वेळी नवा गट निवडायचा आणि म्हणायचं की प्रश्न पैशाचा आहे.

या कायद्याविरुद्धच्या मोर्चाला मी का गेले नाही असं एका मैत्रिणीने विचारलं. माझं ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे. नवरा आणि मुलगी माझ्या व्हिसावर अवलंबून आहेत आणि सध्याचे दिवस कसे आहेत ते तुम्ही बातम्यांत पाहताय. मला इथे मत नाही. कर मात्र मी दर पगाराला भरते. काउंटरवर उभं राहून पेशंटला खरी किंमत सांगणं, कूपन शोधून देणं, तपासणी स्वस्तात कुठे होईल तो पत्ता लिहून देणं, हे मी करते आणि ते मोर्चाइतकंच मोलाचं आहे असं मी मानते. आमच्या भागाच्या आमदारांना पत्रही लिहिलं. मतदार नसलेल्यालाही पत्र लिहिता येतं, एवढं हे राज्य चांगलं आहे.

हे लिहिलं त्या आठवड्यात, एप्रिल २०२५ मध्ये, फ्रँकफर्टमध्ये केंटकी नदी शिरली होती. गावठाणातल्या घरांत पाणी होतं. सांगलीकराला त्या फोटोंकडे बघवत नाही, २०१९ ची कृष्णा डोळ्यांपुढे येते. त्या टेक्निशियनच्या चर्चने चादरी आणि पाण्याचे खोके गोळा केले, आम्ही दुकानातून ग्लोव्ह्ज आणि मास्क दिले. पूरग्रस्तांच्या औषधांसाठी जास्तीचे डोस देण्याच्या सूचना होत्या, मेडिकेडवाल्यांनाही. ज्याला हवं त्याला आगाऊ देत होतो आम्ही.

आमदारांचं उत्तर अजून आलेलं नाही.  आता मी त्यांना दुसरं पत्र लिहितेय, आणि त्यात एकच प्रश्न आहे: साठीतल्या आजोबांचं टेस्टोस्टेरॉन चालतं, मग त्या तरुणाचं का नाही, ते मला औषधशास्त्राच्या भाषेत समजावून सांगा.